तालमीचे पाहुणे

पाहुणचार ही जोखमीची गोष्ट आहे, आणि कोणतीही जोखमीची गोष्ट परक्यावर करण्याआधी घरच्यावर करून पाहावी, असा सुधारलेल्या जगाचा नियम आहे. औषधे आधी उंदरांवर करून पाहतात. आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात उंदीर भाजून मक्याच्या पिठाच्या नशिम्याबरोबर खाण्याची पद्धत असल्यामुळे (मीठ जरा जास्त घालावे) ते प्रयोगासाठी शिल्लक राहत नाहीत. म्हणून 'तीन चिंचा' सफारी कॅम्पने पाहुणचाराचा प्रयोग माणसांवर करण्याचे ठरवले.

कॅम्प पावसाळ्यात बंद असतो. त्या दिवसांत नदी तंबूंमध्ये मुक्कामाला येते आणि कोणीही स्वागत न करता राहून जाते. एप्रिल संपता संपता पाणी उतरले की तंबू वाळवायचे, पलंगाखालच्या सापांना बाहेर काढायचे, आणि खरे पाहुणे यायच्या आधी सगळा कार्यक्रम खोट्या पाहुण्यांवर एकदा करून पाहायचा. याला तालीम म्हणतात. तालमीच्या पाहुण्यांनी अगदी खऱ्यांसारखे वागणे अपेक्षित असते. म्हणजे पहाटे कुडकुडत उठायचे, दिसेल त्या हरणाला "अहाहा" म्हणायचे, आणि ताटात अर्धे जेवण टाकून द्यायचे.

कॅम्पच्या व्यवस्थापक चिलुफ्या मुताले यांच्या अभ्यासानुसार सफारीला येणाऱ्यांत शेकडा ऐंशी जोडपी असतात. उरलेल्या विसांत घटस्फोटित, पक्षीनिरीक्षक आणि दोन्ही असलेले, असे तीन गट पडतात. तेव्हा तालमीला जोडपेच हवे. आदल्या वर्षी आचारी आणि मेकॅनिक यांना जोडपे म्हणून बसवले होते. पण पहिल्याच संध्याकाळी त्यांचे भांडण झाले आणि मेकॅनिक माहेरी निघून गेला. म्हणून या वर्षी रीतसर लग्न झालेले जोडपे घ्यायचे ठरले, आणि निवड मसाउत्सो न्जोव्हू आणि त्याची बायको एस्नार्ट यांची झाली.

मसाउत्सो कॅम्पात वाढपी होता. एस्नार्टने कॅम्प आतून कधीच पाहिला नव्हता, ही तिची मुख्य पात्रता. मसाउत्सोची पात्रता अशी, की विचारले तेव्हा तो समोर होता. शिवाय मोसमाच्या नोकरांना दरवर्षी तालमीनंतरच पुन्हा कामावर बोलावतात, त्यामुळे तालमीच्या आधी 'नाही' हा शब्द कोणाच्या तोंडात येत नाही.

एस्नार्टच्या तोंडात तो सहज आला.

"शेतात कणसं वाळतायत आणि मी तिकडे जाऊन पलंगावर लोळू? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"दोनच रात्रींचा प्रश्न आहे गं, चिसोमोच्या आई."

"मग सासूला सांगून या. म्हणावं, दोन रात्री येऊ नका, आमची बाई पाहुणचाराला गेलीय."

इथे खुलासा केला पाहिजे, की सासू म्हणजे मसाउत्सोची किंवा एस्नार्टची कोणी नव्हे. सासू म्हणजे डाव्या कानाला भोक पडलेली ती हत्तीण, जी संध्याकाळी आपला कळप घेऊन राखीव जंगलातून नदी ओलांडते आणि आमच्या मालुबे गावाच्या मक्यात येते. हे नाव गावातल्या पुरुषांनी विचारपूर्वक ठेवले आहे. आमच्याकडे जावयाने सासूच्या समोर उभे राहायचे नसते. ती वाटेत दिसली तर नजर खाली घालून सरळ गवतात शिरायचे. हत्तिणीला सासू म्हणायचे ठरल्यापासून तिला पाहून धूम ठोकणे हा भित्रेपणा राहिला नाही, ती रीतभात झाली. तेव्हापासून तिला हुसकायचे काम बायकांकडे आहे, आणि पुरुष गवतातून त्यांना धीर देतात.

हुसकण्याचे मार्ग कायद्याने मर्यादित आहेत. हत्ती सरकारचा आहे आणि मका आपला आहे. हत्तीला खरचटले तर सरकार तडक येते, मका गेला तर सवडीने येते. त्यामुळे डबे बडवणे, ओरडणे, आणि मिरची घालून थापलेल्या हत्तीच्याच शेणाच्या गोवऱ्या जाळून धूर करणे, एवढेच हातात उरते. एस्नार्ट हे सगळे आपल्या मचाणावरून करत असे आणि गेली तीन वर्षे तिचे शेत गावात सगळ्यांत कमी खाल्लेले शेत होते. या वर्षीचा मका तर हेवा वाटावा असा होता. घरात पाच तोंडे होती आणि पुढच्या पावसापर्यंत त्यांच्या पोटात जे काही पडणार होते, ते सगळे त्या तुकड्यात उभे होते.

पण मसाउत्सो दोन दिवस नुसता बसून राहिला. जेवला नाही, बोलला नाही, आणि हे त्याने इतक्या नम्रपणे केले की शेवटी तीच वैतागली.

"येते बाई, येते! पण राखणीला मामा बसणार. आणि तो झोपला तर मी तुम्हांला सोडणार नाही."

येलेसानी मामा तिच्या आईचा थोरला भाऊ. अंगाचा धट्टाकट्टा, शब्दाचा पक्का. त्याच्यात फक्त झोप हा एकच दुर्गुण होता.

"मामा, जागा राहशील ना?"

"पोरी, माझ्या आईला मातीत ठेवलं त्या रात्रीसुद्धा माझा डोळा लागला नव्हता."

"घोरत होतास तू. मी शेजारीच होते."

"ते रडणं होतं," मामा म्हणाला, आणि डबे घेऊन मचाणावर चढला.

गावापासून कॅम्प चालत अर्ध्या तासावर आहे. पण पाहुणे चालत येत नाहीत, ते विमानतळावरून येतात. म्हणून कॅम्पच्या गाडीने दोघांना गावातून उचलले, उलट दिशेला विमानतळापर्यंत नेले, तिथे त्यांना उतरवून पुन्हा हसतमुखाने गाडीत घेतले, आणि परत गावावरून कॅम्पला आणले. गावातून दुसऱ्यांदा जाताना लोकांनी हात हलवले. खऱ्या पाहुण्यांनाही ते हात हलवतात, त्यामुळे ही बाब तालमीत उत्तीर्ण झाली.

कॅम्पच्या दारात नोकरमंडळी ओल्या टॉवेलांची तबके घेऊन स्वागतगीत गायला उभी होती. हे गीत कॅम्पच्या स्थापनेपासून चालू आहे आणि नाना देशांच्या पाहुण्यांनी त्यावर डोळे पुसले आहेत. चाल ठरलेली आहे. शब्द समोरचा पाहुणा पाहून जागच्या जागी रचायचे असतात. पाहुण्यांना भाषा येत नसल्याने कवित्वाला भरपूर वाव मिळतो. त्या दिवशी मंडळींनी सवयीप्रमाणे सुरुवात केली:

"आली आली गाडी, गाडीत बसला भोपळा,
भोपळ्याच्या शेजारी शेंगेचा सापळा..."

एस्नार्ट भोपळा होती. ती आधी पोट धरून हसली, मग टॉवेल खांद्यावर टाकून तिने त्याच चालीत उत्तर दिले. त्यात गाणाऱ्यांच्या म्होरक्या बाईचे (ती मसाउत्सोची धाकटी बहीण होती) नाक, तिचे नशिम्याचे गोळे आणि तिच्या नवऱ्याचा आळस अशी तीन कडवी होती. तबके खाली पडली. गाणाऱ्यांपैकी दोघे हसून हसून जमिनीवर बसले. चिलुफ्या मॅडमनी टिपून ठेवले, की पुढे पाहुणे घेताना त्यांना गाण्याचा अर्थ कळणार नाही याची खबरदारी घ्यावी.

मॅडम उत्तरेकडच्या बेम्बा जमातीच्या. बेम्बा आणि आम्ही पूर्वेकडचे हे एकमेकांचे थट्टेचे सोयरे. आम्ही त्यांना माकडे खाणारे म्हणायचे, त्यांनी आम्हांला उंदीर खाणारे म्हणायचे, अगदी मयताच्या घरीसुद्धा. आणि रागावेल तो हलका.

"या, बसा," मॅडम म्हणाल्या. "तंबूत उंदीर नाहीत त्याबद्दल माफी असावी. आधी कळवलं असतं तर दोन-चार धरून ठेवले असते."

"असू दे हो," एस्नार्ट म्हणाली. "तुमच्या झाडांवर तरी माकडं कुठे दिसतायत? तुम्ही कामाला लागल्यापासून कमी झाली म्हणे."

मॅडम मनापासून हसल्या. इथपर्यंत तालीम उत्तम चालली होती.

तंबूत पलंगावर टॉवेलाचा घडी घालून केलेला हत्ती ठेवला होता, सोंड वर, कपाळावर बोगनवेलीचे फूल. हा हत्ती सकाळी मसाउत्सोनेच केला होता. नोकर कमी होते, म्हणून कामाचे कपडे उतरवून पाहुणा होण्याआधी त्याने तेवढे उरकले. एस्नार्टने त्याला सोंडेला धरून एका झटक्यात उलगडले आणि पाय पुसले. मसाउत्सो थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

जेवणाच्या वेळी अडचण आली ती कोंबडीची. ताटात कोंबडीचा तुकडा होता, त्यावर पिवळा रस होता, बाजूला गाजराचे फूल होते; पेटा, म्हणजे कोंबडीचे जठर, नव्हता. कोंबडीचा पेटा घरच्या कर्त्या पुरुषाला किंवा मानाच्या पाहुण्याला द्यायचा असतो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक आहे. तो ताटात नाही, याचा अर्थ एवढाच होतो, की घरात कोणीतरी जास्त मानाचे आहे आणि त्याने तो आधीच खाल्ला आहे.

"कोणी खाल्ला?" एस्नार्टने हळूच विचारले.

"हळू बोल. इथे पेटा नसतोच."

"कोंबडी आहे आणि पेटा नाही? मग ती जगत कशी होती?"

आचाऱ्याला बोलावण्यात आले. त्याने शपथेवर सांगितले, की कोंबड्या राजधानीहून बर्फात येतात आणि येतानाच त्यांना पेटा नसतो. एस्नार्टला त्या कोंबड्यांची इतकी दया आली की तिने अर्धे ताट तसेच ठेवले. खऱ्या पाहुण्यासारखे वागण्याचा हा तिचा पहिला आणि शेवटचा प्रसंग. मसाउत्सोला मात्र बसून जेवायची सवय नव्हती. दार वाजले की तो उठायचा. शेजारचे ताट रिकामे झाले की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. वाटाड्या फॅक्सन म्वाले गणवेश उतरवून पाणी प्यायला आत आला, तेव्हा तर तो त्याला "आणखी काही आणू, सर?" असे विचारून बसला.

"आण की," फॅक्सन म्हणाला. "आणि बायकोला सांग, मी बोलावलंय."

फॅक्सन मसाउत्सोचा मामेभाऊ. आमच्याकडे भावाच्या बायकोला थट्टेने 'बायको' म्हणायची रीत आहे, त्यामुळे एस्नार्टला तसे म्हणण्याचा त्याला रीतसर हक्क होता आणि तो हक्क फॅक्सन चुकवत नसे. गणवेशात मात्र हा हक्क तहकूब राहतो.

आता तालमीतला कळीचा भाग. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी नदीकाठी टेबल मांडायचे, त्यावर पांढरी चादर, पेये, बर्फाची बादली, तळलेले शेंगदाणे. पाहुण्यांनी खुर्चीत बसून पलीकडच्या जंगलाकडे पाहायचे. हत्तींचा कळप नदीत उतरतो, तांबड्या पाण्यातून चालत या काठाला येतो आणि पाहुण्यांच्या उजव्या हाताने झाडीत नाहीसा होतो. कॅम्पच्या छापील पुस्तिकेत हे चित्र मुखपृष्ठावर आहे. या वेळी बोलणे, उभे राहणे, बोट दाखवणे आणि (हे मागाहून घातलेले) शिंकणे मना आहे.

मॅडमनी जोडप्याला पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न आधी पाठ करून दिले होते. सिंह गाडीवर उडी मारेल का, हा मसाउत्सोच्या वाट्याला आला होता आणि त्याने तो सकाळीच संपवला होता, एका रानडुकराला पाहून. एस्नार्टच्या वाट्याला नदीकाठचा प्रश्न होता. उत्तर वाटाड्याने नियमावलीतल्या शब्दांत द्यायचे होते. मॅडम जरा मागे, गाडीला टेकून ऐकत उभ्या होत्या.

सूर्य टेकला. पलीकडची झाडी हलली. पहिल्यांदा सोंड, मग कपाळ, मग डावा कान, आणि कानातल्या भोकातून पलीकडचे लाल आभाळ. फॅक्सन कुजबुजत्या आवाजात सांगू लागला: ही ग्रेस, वय पन्नासच्या पुढे, कळपाची माऊली, हत्तींमध्येही घर आईच्या नावाने चालते, हत्ती काही विसरत नाही, त्याचे कुटुंबावर माणसापेक्षा जास्त प्रेम असते. मसाउत्सोने रीतीप्रमाणे नजर खाली घातली. सासू समोर आली होती आणि आसपास गवत नव्हते.

पाठ केलेला प्रश्न एस्नार्टच्या तोंडून आपसूक बाहेर पडला.

"हे हत्ती आता कुठे जातात?"

फॅक्सनने मॅडमकडे पाहिले. मॅडमनी मान डोलावली. तो पाण्याकडे पाहत म्हणाला:

"हे हत्ती आपल्या पूर्वापार चरण्याच्या जागी जातात, बाईसाहेब. माणूस आला त्याच्याही आधीपासून."

"कुठे आहे ती जागा?"

हा उपप्रश्न नियमावलीत नव्हता.

"इथून... पूर्वेला."

"विहिरीच्या अलीकडे की पलीकडे?"

"वहिनी, गप्प बस ना," फॅक्सन अगदी हळू म्हणाला. "मला मोसमभर काम करायचंय इथे."

"माझ्या बांधाच्या आत की बाहेर, तेवढं सांग रे."

कळप नदीच्या मधोमध होता. सासू काठाला लागली होती. अर्ध्या तासाच्या वाटेवर येलेसानी मामा मचाणावर आपल्या आईसाठी रडत असणार, हे तिला दिसत होते. मसाउत्सोने तिचा हात धरला. तिला त्याची दयाही आली, हे खोटे नाही. पण तोवर दुसऱ्या हाताने तिने बर्फाची बादली उलटी केली होती. बर्फाच्या पळीने तिने ती अशी बडवली, आणि अशी आरोळी ठोकली, की पाण्यातले सगळे हत्ती जागीच थांबले, वळले, आणि पिल्लांना पोटाशी घेऊन आले तसे जंगलात परत गेले.

सासू तेवढी या काठावर अडकली. पुढे बादली, मागे पाणी. तिने डावीकडे धाव घेतली आणि समोर आली त्या कुडाच्या भिंतीतून आत शिरली. ते कॅम्पचे कोठार होते. तिथे मोसमासाठी आणलेली संत्री होती, बटाटे होते, आणि पेटा नसलेल्या कोंबड्यांचे मोठे शीतकपाट होते. संत्र्यांची एक फोडही शिल्लक राहिली नाही. शीतकपाट तिने उघडले, पाहिले, आणि तसेच सोडले.

मॅडमनी फोन लावला. चहा थंड व्हायच्या आत बंदुका घेऊन वनखात्याच्या चार शिपायांची गाडी हजर झाली, हवेत बार निघाले, आणि सासूला सन्मानाने नदीपार पोचवण्यात आले. (गावाच्या फोनला त्याच गाडीत पेट्रोल नसते. यात भेदभाव नाही. पेट्रोल कधी असते आणि कधी नसते, एवढेच.)

दुसऱ्या दिवशी आढावा बैठक झाली. मसाउत्सो आपला गणवेश घडी घालून, परत करायच्या तयारीने घेऊन बसला होता. पण चिलुफ्या मुताले या उगाच व्यवस्थापक झालेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कालच्या दिवसात सगळ्यांत रंगलेला भाग कोणता? खरं सांगा."

आचारी म्हणाला, "बादली."

"तेच. पाहुण्यांना आयुष्यात एकदा तरी असं काहीतरी हवं असतं. एस्नार्ट, तुझ्या मचाणाला किती जण झेपतील?"

अशा रीतीने 'मचाणावरची संध्याकाळ' हा कार्यक्रम जन्माला आला. पाहुण्यांनी दिवेलागणीला एस्नार्टच्या शेतावर जायचे, मचाणावर पांघरुणे घेऊन बसायचे, आणि राखण म्हणजे काय ते अनुभवायचे. मसाउत्सोने तिथे चहा द्यायचा. त्याला मोसमाला बोलावले होते ते या अटीवर. एस्नार्टने होकार दिला तो भोळेपणाने नव्हे. गाड्या, कंदील, परक्या माणसांची बडबड. हत्ती फिरकणारच नाहीत, असा तिचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

पहिल्या आठवड्यात पाहुण्यांनी डबे बडवले. एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी तर आयुष्यभराचा राग एका पातेल्यावर काढला. मिरचीच्या धुराने सगळे खोकले, सगळे हसले. एकही हत्ती आला नाही. एस्नार्ट लग्नानंतर पहिल्यांदाच मोसमात इतकी गाढ झोपली, आणि मक्याचे एक पानही वाकले नाही.

अभिप्राय आले: पाचपैकी तीन. 'लोक प्रेमळ. चहा छान. हत्ती नव्हते.'

मग सुधारणा झाल्या. प्रत्येक सुधारणेला कारण होते आणि प्रत्येक वेळी मॅडमना मनापासून वाईट वाटत होते. धूर बंद झाला, कारण पाहुण्यांच्या डोळ्यांना त्रास. कुत्री बांधली, कारण एका बाईंना कुत्र्यांची भीती. गाड्या लांब उभ्या करायच्या ठरल्या, कारण निसर्गाची शांतता. कंदील गेले, कारण तारे दिसत नव्हते. येलेसानी मामाचे घोरणे तेवढे ठेवले. ते अस्सल वाटते असे तिघांनी लिहिले होते. शेवटी डबे.

"एक आठवडा फक्त," मॅडम म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. "वरून विचारणा होतेय गं. कार्यक्रम बंद झाला तर मसाउत्सोची जागाही त्याच्याबरोबर जाते. माझ्या हातात असतं तर..."

"माकडं खाणाऱ्यांच्या हातात काही असतं का कधी?" एस्नार्ट म्हणाली. पण हसले नाही कोणीच.

त्या आठवड्यात होल्गर आणि उर्सुला नावाचे जोडपे आले. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून आले होते. माणसे चांगली होती. उर्सुलाने एस्नार्टच्या चिसोमोसाठी रंगपेट्या आणल्या होत्या, आणि मचाणावर ती एस्नार्टला आपल्या पांघरुणात घेऊन बसली. काळोख पडला. बांधावरचे कुंपण मोडल्याचा बारीक आवाज आला, मग मक्याची पाने सळसळली, आणि मग सासू येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या श्वासाचा वास आला. तिच्यामागून कळप आला. कणसे सोलल्याचा आवाज, दाणे फुटल्याचा आवाज, सगळे नीट ऐकू येत होते.

एस्नार्टचा हात पांघरुणाखालून निघाला आणि मचाणाच्या फळीवर पडला. बडवायचे लोखंडी तसराळे तिने कुणाला न सांगता तिथे ठेवले होते. उर्सुलाने तो हात अंधारात हळुवारपणे धरला, आणि ओठांवर बोट ठेवले. खाली ताऱ्यांच्या उजेडात मसाउत्सो चहाचे तबक घेऊन उभा होता. त्याने नजर खाली घातली नव्हती. तो सासूकडे पाहत नव्हता, एस्नार्टकडे पाहत होता, आणि तिने काय करावे असे त्याला वाटते ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. त्याला स्वतःलाही ते कळत नसावे.

तिने तसराळे सोडले.

ती रडू लागली, मोठ्याने नाही. उर्सुलाही रडू लागली. दोघी एकमेकींना धरून बसल्या आणि खाली पाच तोंडांचे वर्षभराचे अन्न संपत होते. सकाळी शेतात मक्याची ताटे आडवी पडली होती, चार-दोन उभी होती, आणि मसाउत्सो खाली वाकून मातीत दबलेले दाणे एकेक करून वेचत होता. एस्नार्ट बांधावर बसून राहिली. तिला कोणी उठवायला गेले नाही.

उर्सुलाचा अभिप्राय कॅम्पात चौकटीत लावला आहे. 'आयुष्यातली सर्वांत सुंदर रात्र. स्थानिक स्त्रीचे हत्तींवरचे प्रेम पाहून अश्रू आवरले नाहीत.' पाचपैकी पाच.

आता राहता राहिलात तुम्ही. तुम्ही पहिल्यापासून एस्नार्टच्या बाजूचे आहात, हे आम्हांला माहीत आहे. पण न्यायाधीश पातेले बडवत होते आणि मका सुखरूप होता, तो पहिला आठवडा आठवून पाहा. तिथे ही गोष्ट संपली असती तर तुम्ही काय म्हणाला असता? 'बरी आहे, पण काही घडतच नाही.' हत्ती मक्यात शिरेपर्यंत तुम्ही एक शब्द न बोलता बसून राहिलात, आणि शेवटी तुमच्याही डोळ्यांत थोडे पाणी आले असेल. कॅम्पला अगदी असेच पाहुणे हवे असतात, म्हणून तुम्हांला न विचारताच तुमचेही पाचपैकी पाच धरले आहेत.